बरणीत न मावणारं ऊन

येवल्यातल्या एका विणकराच्या घरात एकच खोली होती आणि तीही अंधारी. खोलीत बाबांचा माग, मागावर मोरपंखी, जांभळं रेशीम. उन्हानं रेशमाचा रंग उडतो, म्हणून खिडकीला कायम जाड गोणपाट. रेशीम जपलं हो, पोरी मात्र फिक्या पडल्या! दहा वर्षांच्या बकुळाचे पाय सारखे ठणकायचे. चार वर्षांच्या चिंगीला तर धड उभंही राहता येईना.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि बजावलं, "रोज ऊनही दाखवा."

आई औषध न चुकता द्यायची. पण ऊन? "काळवंडतील गं बाई माझ्या पोरी!"

एका सकाळी बकुळा पेरूच्या बागेत गेली. तिथं कोळ्याच्या जाळ्यात अडकली होती एक इवलीशी, हळदुल्या पंखांची परी! रेशमाचा गुंता सोडवणारी बोटं ती. बकुळानं एकेक तंतू अलगद सोडवला.

"एक इच्छा माग," परी म्हणाली, "पण माझ्याकडे फक्त ऊन आहे बरं का."

"माझ्या चिंगीसाठी बरणीभर द्या ना, परीताई!"

बकुळानं घरून लोणच्याची रिकामी बरणी आणली आणि परीनं ती भरली. बकुळा धावत घरी आली, झाकण उघडलं, तर आत नुसता लोणच्याचा वास! तिला रडूच कोसळलं.

"ऊन कोंडता येत नाही, राणी," दुसऱ्या दिवशी परी म्हणाली. "जिला हवं तिनं इथं यायचं. रोज, उघड्या हातापायांनी."

मग काय! ठणकत्या पायांनी बकुळा रोज चिंगीला कडेवर घेऊन निघाली. आई म्हणायची, "अगं, तुलाच चालवत नाही!" पण ऐकते कोण?

फुलं गळली, पेरू धरले, पिवळे झाले. एक दिवस चिंगी पेरूसाठी उठली, दोन पावलं टाकली आणि चक्क पळाली! बकुळा तिच्यामागे धावली आणि मधेच थबकली. तिचे पाय दुखतच नव्हते!

"परीताई, मी माझ्यासाठी काहीच मागितलं नव्हतं!"

"वेडे, तिला घेऊन तूही उन्हातच होतीस ना?" परी खुदकन हसली आणि सोनेरी झळाळीत दिसेनाशी झाली.

दोघी पळतच घरी आल्या. आईनं त्यांना दारात पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मग तिनं खिडकीवरचं गोणपाट काढलं आणि रेशमावर घातलं.