मामाची उंच चौकट

यंत्रं नुकतीच गर्दीवर नजर ठेवायला शिकली होती, तेव्हाची गोष्ट. जत्रेतल्या खांबावरचा कॅमेरा भलताच ऐटीत असे. चालणाऱ्या प्रत्येक माणसाभोवती तो आपल्या चित्रात चौकट आखायचा आणि माणूस जाईल तिकडे ती न्यायचा.

"माझ्या नजरेतून कुणी सुटत नाही," तो शेजारी बसलेल्या कावळ्याला सांगायचा.

पालखी आली आणि जत्रेला आलेल्या सगुणाची लेक दिसेनाशी झाली. सगुणा धावत खांबाखाली आली. कॅमेऱ्यानं सगळ्या चौकटी धुंडाळल्या.

"बाई, तुमची मुलगी गर्दीत नाही," तो ठामपणे म्हणाला.

"खरंय त्याचं," कावळा म्हणाला. "ती गर्दीच्या वर आहे. मामाच्या खांद्यावर बसून पालखी बघतेय."

कॅमेऱ्यानं पुन्हा पाहिलं. मामाची चौकट मघाशीच हातभर उंच झाली होती आणि तिच्या वरच्या टोकाला दोन वेण्या डुलत होत्या. ती चौकट त्यानं स्वतःच, मोठ्या ऐटीत आखली होती.