नालाचं सातवं भोक

एकदा काय झालं, एक मंगळवार होता, अगदी रोजच्यासारखा. दूर स्पेन देशात, एका टेकडीतल्या गुहांमध्ये लोहार राहायचे. त्यांचे पूर्वज म्हणे आपल्याकडूनच गेलेले, पाठीवर ऐरण घेऊन, चालत चालत. त्यांच्यातली रोसारिओ घरच्या खेचरासाठी नाल करत होती. सातांपैकी सहा भोकं पाडून झाली आणि निरोप आला. तिचा नवरा कुर्रो नदीत वाहून गेला. खेचर तेवढं परत आलं.

त्या लोहारांत एक रीत होती, बरं का. घरातलं माणूस गेलं की ऐरण झाकून ठेवायची. सासऱ्यानं, चानोबाबांनी, ती घोंगडीनं झाकली.

पण रोसारिओला रडूच येईना. लहानपणापासून ती गायची ती हातोड्याच्या ठोक्यावर. आता ठोकाच नाही. मग गळा मिटला. घास उतरेना, पाणी उतरेना.

पहिल्या दिवशी शेजारीण रेमेदिओस आली. म्हणाली, "रड गं बाई. माझे दोन रुमाल कोरडेच राहिलेत." ठोका मिळावा म्हणून तिनं हळूहळू टाळ्या वाजवल्या. काही नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गुहेतले आजोबा गिटार घेऊन बसले. तरी काही नाही. तिसऱ्या दिवशी रोसारिओला उठवेनासं झालं.

मग चानोबाबा म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. गेलेल्याची रीत पाळली आणि तुला विसरलो."

त्यांनी घोंगडी काढली. आणि काय सांगू, हातोडा कोपऱ्यातच होता, तरी ऐरण आपली आपण वाजली. टण. टण टण.

रोसारिओचे ओठ हलले. पोटातून आवाज आला, "आऽऽय." लांबच लांब, जुना, भेगाळलेला. मग टाळ्या त्याच्यामागे धावल्या. मग गिटार धावली. मग ती उठली, आणि तिच्या टाचा जमिनीवर ठोके देऊ लागल्या, हातोड्यासारखे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात वर फुलासारखे उलगडत होते.

"ओले," रेमेदिओस म्हणाली. म्हणजे आपलं 'वा'. "आता घे माझा रुमाल."

संध्याकाळी रोसारिओनं अर्धी भाकरी खाल्ली.

त्या गाण्या-नाचाला पुढं लोक फ्लामेंको म्हणू लागले. टेकडीवरचे सगळे सुखानं राहिले, खेचरसुद्धा. मिटा डोळे आता.

रोसारिओनं नंतर पुष्कळ नाल केले. तो एक मात्र भिंतीला टांगलेलाच राहिला. त्याचं सातवं भोक तिनं पाडलं नाही.