मोठा पंखा

“…मग बाबा, मजुरी वाढवायची कशासाठी?”

महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. सोलापूरच्या एका गिरणीत नवे माग आले. एकेका विणकराकडे दोनाऐवजी चार माग दिले गेले, कापड दुप्पट निघू लागलं, पगार होता तिथेच राहिला. विणकरांनी काम बंद केलं.

मजुरी वाढवावी की नाही, हे गिरणीचा तरुण इंजिनिअर अनंत पोंक्षे याला उद्या मालकांना सांगायचं होतं. तो ‘नाही’ म्हणाला, की संपकऱ्यांच्या जागी दुसरी माणसं भरायची, असं ठरलं होतं. त्याची झोप उडाली होती. म्हणून तो गावाबाहेर फकीर हुसेनशा बाबांकडे आला होता.

“माणूस तोच. हात तेच दोन. जास्तीचं कापड मागामुळे निघतं.”

हिशेब चोख होता. असे हिशेब चोखच असतात.



लिंबाखाली संपातले चार विणकर उकाड्याने पडून होते. बाबा त्यांतल्या एकाला लहानशा पंख्याने वारा घालत होते. त्यांनी तो खाली ठेवला. लांब दांड्याचा मोठा पंखा पोंक्षेच्या हातात दिला.

“हा नवा आहे. चौघांना पुरतो.”

पोंक्षे वारा घालू लागला.

“ओ साहेब, जरा हिकडं,” म्हातारा यल्लप्पा म्हणाला. “सगळा वारा नरसय्याच खातोय.”

“कालपास्नं दुसरं काय खाल्लंय मी?” नरसय्या डोळे मिटूनच म्हणाला.

पोंक्षे डावीकडे वळला. मग उजवीकडे. सदरा पाठीला चिकटला, दंड भरून आले. शेवटी त्याने पंखा खाली ठेवला.

“बाबा, थोडं पाणी…”

बाबांनी मडक्यातून पेलाभर पाणी काढलं आणि पंख्यासमोर ठेवलं.

“वारा त्याने घातला ना?”

पोंक्षेने पंख्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं.

मग तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मटकन खालीच बसला.

“उद्या सांगतो मालकांना. मजुरी वाढवावीच लागेल.”

नरसय्या उठून बसला. “खरं, साहेब?”

“खरं.”

यल्लप्पाने तोंडावरून पंचा फिरवला, बराच वेळ फिरवत राहिला.

बाबांनी पेला उचलून पोंक्षेच्या हातात दिला.

“घे. पंख्याला तहान नव्हती.”