महाराजही उंबऱ्याबाहेर

"तुमचं प्रार्थनामंदिर आठ दिवसांत हलवा!" तांबेगडच्या हैबतराव महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला.

समोर उभे असलेले पाळक शांतवनराव गोरेमोरे झाले. नदीकाठच्या टेकाडावर ख्रिस्ती वस्तीनं स्वतः दगड वाहून ते मंदिर उभं केलं होतं. महाराजांना आता नेमका त्याच टेकाडावर हवामहाल हवा होता. पण नुसता हुकूम सोडून गप्प बसतील तर ते हैबतराव कसले! त्यांना जागा हवी होती आणि वादात जिंकायचंही होतं. त्यासाठी त्यांनी चक्क बायबल वाचून काढलं होतं.

"पाळकबुवा, तुमचा येशू म्हणतो की माझं राज्य या जगाचं नाही. खरं ना?"

"खरं, महाराज."

"मग या जगातली जागा तुम्हाला कशाला? सोडा! आणि त्याच पुस्तकात शेवटी लिहिलंय की जगातलं सगळं राज्य प्रभूचं झालं. तेही खरं?"

"तेही खरंच, महाराज."

"म्हणजे माझं तांबेगडही त्याचंच? हा तर उघड राजद्रोह! चला, हद्दीबाहेर व्हा!" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "पहिलं वचन धरलंत तर जागा जाते, दुसरं धरलंत तर गाव सुटतं. दोन्ही एकाच वेळी खरी करून दाखवा, जागा तुमची!"

इकडे आड, तिकडे विहीर! दर रविवारी तासभर बोलणारे पाळक आज हातातलं बायबल नुसतं उलटसुलट चाळू लागले. बिचारे घाम पुसत राहिले.

"मी दाखवते, सरकार!" मागून आवाज आला.

ती होती पाळकांच्या मागोमाग आलेली, त्याच वस्तीतल्या याकोब मळेकऱ्याची लेक सलोमी. वाड्यावर रोज भाजी पोचवायची ती.

"तू? बरं, बोल!"

"इथं नाही दाखवता यायचं. मागच्या अंगणात चला."

महाराज निघाले, तसा सगळा दरबार गंमत बघायला मागोमाग निघाला. अंगणात मुदपाकखान्याच्या दारातून घारग्यांचा खमंग वास येत होता. सकाळीच सलोमीनं दिलेला लाल भोपळा आता तुपात तळला जात होता. महाराज पहाटेपासून घोडा फिरवून तसेच दरबारात बसलेले. पोटात कावळे कोकलत होते.

"सरकार, हा मुदपाकखाना कुणाच्या राज्यात?"

"हे काय विचारणं झालं? माझ्याच!"

"मग आत जाऊन एक घारगा उचलून आणा की!"

"त्यात काय मोठंसं!" म्हणत महाराजांनी पाऊल उचललं.

"बाळराजे! पाऊल मागं!" आतून आईसाहेब कडाडल्या. "मी सोवळ्यात आहे. घोड्यावरून तसेच आलात आणि खुशाल आत शिरताय?"

उचललेलं पाऊल गुपचूप जागेवर आलं. दरबारी मंडळी एकाएकी कौलं निरखू लागली.

"बघा सरकार," सलोमी म्हणाली, "माझी भाजी धुऊन आत जाते, मी बाहेर. आज तुम्हीही बाहेर! इथं आपण दोघं सारखेच."

"पोरी, जीभ आवर! उत्तर कुठाय?"

"हेच की! आईसाहेबांपाशी तोफ आहे का? शिपाई आहेत का? ही सत्ता तुम्ही त्यांना बहाल केलीत?"

"मी कोण बहाल करणार? त्या आई आहेत!"

"म्हणजे त्यांचं राज्य तुमच्या राज्यासारखं नाही. तरी तुमच्यावर चालतं का?"

महाराजांनी उंबऱ्याकडं पाहिलं, मग घारग्यांकडं. "चालतं बाई, चालतं!"

"झालं तर! दोन्ही वचनं खरी! आता सांगा सरकार, त्यांचं राज्य वेगळं म्हणून त्यांच्या चुलीखालची जमीन काढून घ्याल? की ते तुमच्यावर चालतं म्हणून आईसाहेबांना हद्दपार कराल?"

"हद्दपार?" आतून झारा आपटला. "कोण करतंय मला हद्दपार?"

"कुणी नाही, आईसाहेब! कुणी नाही!" महाराज घाईघाईनं ओरडले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना असं हसू फुटलं की डोक्यावरचा मंदिल सरकून कानावर आला. "जिंकलीस पोरी! पाळकबुवा, टेकाड तुमचं! आणि वर पितळेची घंटा माझ्याकडून!"

पाळकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात आईसाहेब दारात आल्या.

"सलोमी, हातपाय धू आणि आत ये. पानावर बस."

"मी? आत?" इतकं फडाफडा बोलणारी पोर पहिल्यांदाच अडखळली.

"राज्य माझं आहे, असं तूच म्हणालीस ना? मग हुकूमही माझाच!"

सलोमी हातपाय धुऊन आत गेली. महाराज आशेनं एक पाऊल पुढं सरकले. "आणि आम्ही?"

"तुम्ही? आधी आंघोळ!"

महाराज हसत हसत विहिरीकडे निघाले. "पोरी," त्यांनी जाता जाता हाक दिली, "आमच्यापुरते चार तरी घारगे शिल्लक ठेव!"