वीज परत आल्यावर

एका औद्योगिक वसाहतीत एक वृद्ध वस्ताद होता. यंत्रांची पारख त्याच्याइतकी कुणाला नव्हती. त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्य काम शिकत होता. शिष्याचा मोठा भाऊ गहिनीनाथ त्याच शेडमध्ये, बिजागऱ्या दाबणाऱ्या प्रेसखाली सापडून गेला. वीज गेली होती. अडकलेला पत्रा काढायला तो आत वाकला, तेवढ्यात वीज परत आली आणि साचा खाली आला. पेडल त्याच्याच पायानं दाबलं गेलं असणार, असं सगळे म्हणाले. धाकट्यानंही ते मानलं. त्यामुळे दुःखाहून त्याला भावाचा रागच जास्त होता. तेरावं व्हायच्या आत, मुंडण केलेल्या डोक्यानं तो कामावर हजर झाला.

त्या प्रेसला नवी पीएलसी घ्यायची होती. पीएलसी म्हणजे यंत्राला चाल आणि थांब सांगणारी पेटी. सुट्टीच्या दिवशी, शेड रिकामी असताना, एक व्यापारी दोन पेट्या घेऊन आला. पहिली जुन्याच पेटीच्या घराण्यातली होती. तिची स्मृती अशी, की वीज जाऊन आली तरी काम जिथं थांबलं तिथूनच पुढं चालू. दुसरीबद्दल व्यापारी स्वतःच हसून म्हणाला, "ही जरा मठ्ठ आहे. वीज आली तरी कुणी बटण दाबेपर्यंत बसून राहते."

शिष्य ताडकन म्हणाला, "पहिलीच घ्या, वस्ताद. आजच बसवू. विसरणारं आता काही नको. विसरतात म्हणूनच माणसं मरतात."

वस्ताद कामाला लागला. त्यानं पहिली पेटी जोडली, प्रेस सुरू केला आणि साचा वर असतानाच मेन स्विच पाडला. पेडल उचलून दूर, जमिनीवर उलटं ठेवलं. मग भिंतीकडं बोट करून म्हणाला, "तुझ्या दादाचा शर्ट आण."

तो निळा शर्ट त्या दिवसापासून खुंटीवरच होता. कुणी त्याला शिवलं नव्हतं. शिष्यानं तो आणला. वस्तादानं त्याची एक बाही साच्याखाली पसरली, दोघांना मागं घेतलं आणि चहा मागवला.

चहा संपला तरी वस्ताद बसूनच होता. व्यापाऱ्याची बडबड हळूहळू थांबली. पंखे बंद होते, वारा नव्हता, तरी शिष्याला बाहीची कड हलल्यासारखी वाटली. अखेर वस्ताद उठला आणि त्यानं स्विच वर केला.

क्षणभर काही झालं नाही. मग, प्रेसजवळ कुणीही नसताना, चाक गुणगुणू लागलं. साचा खाली आला, कुणी हात हातात घ्यावा तशी त्यानं ती बाही धरली आणि सोडली. पुन्हा आला. अगदी बिनचूक.

वस्तादानं स्विच पाडला.

शिष्यानं दूर उलट्या पडलेल्या पेडलकडं पाहिलं. त्यानं विचारलं, "पेडल कुणी दाबलं?"

"कुणी नाही," वस्ताद म्हणाला. "त्या दिवशीही कुणी दाबलं नव्हतं."

मग त्यानं दुसरी पेटी जोडून तोच प्रयोग केला. वीज परतली. एक लाल दिवा लागला आणि प्रेस जागच्या जागी उभा राहिला.

वस्ताद शांतपणे म्हणाला, "पहिलीला सगळं आठवतं. पण ती स्वतः बंद असताना कुणी आत वाकलं असेल, हे तिच्या ध्यानीमनी नाही. दुसरीला ठाऊक आहे, की मधे काळ गेला. म्हणून ती आधी माणसाला विचारते. यंत्र चालताना कसं चालतं, ते सगळेच बघतात. तू बघत जा, अंधारातून परत आल्यावर यंत्र पहिल्या क्षणी काय करतं." मग शिष्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आणि बाळा, तूही वीज आल्याबरोबर सुरू झालास."

व्यापाऱ्यानं पहिली पेटी खोक्यात घातली.

शिष्यानं शर्ट काढला. बाहीला बिजागरीच्या आकाराची दोन भोकं पडली होती. त्यानं ती बोटांनी चाचपली, शर्टाची घडी घातली आणि पोटाशी धरली. सवयीनं त्याचा दुसरा हात प्रेस सुरू करायच्या हिरव्या बटणाकडं गेला आणि वाटेतच थांबला.

"तेराव्यानंतर येतो, वस्ताद," तो म्हणाला. "घरी आईला सांगायचंय, दादाची चूक नव्हती."

वस्तादानं मान हलवली. त्या दिवशी प्रेस चालला नाही. रिकाम्या शेडमध्ये तो लाल दिवा तेवढा, कुणीतरी येऊन विचारपूस करील म्हणून, जळत राहिला.