चिंचोक्याएवढी तुरटी

नदीच्या वरच्या अंगाला कारखाना नुकताच आला होता, तेव्हाची ही गोष्ट. खाली गावात सुगंधाबाईंच्या रांजणात रोज तुरटी फिरे आणि गाळ तळाशी बसे.

एकदा पाणी म्हणालं, "तुरटीताई, कारखान्यापाशी माझ्यात काहीतरी मिसळलं. ते अजून आहे."

"उगाच कुरकुरू नकोस. तुझा तळ दिसतोय."

"ते दिसत नाही, ताई. खालीही बसत नाही."

तुरटी पुन्हा फिरली. रोज जास्त वेळ फिरू लागली. झिजून चिंचोक्याएवढी उरल्यावर तिनं हळूच विचारलं, "आता तरी गेलं का रे?"



सुगंधाबाईंनी पेला भरून लेकीपुढे धरला. "पी गं, कसं नितळ आहे बघ."

पाणी पेल्याला घट्ट धरून राहायला बघत होतं. पण मुलीला तहान लागली होती.