तंबोरा कोणाच्या हाती द्यावा

एकदा एका वृद्ध गवयाच्या दारात त्यांचा शिष्य येऊन उभा राहिला. खांद्यावर गवसणीत घातलेला तंबोरा होता, आणि तो परत द्यायलाच तो आला होता. शिष्य म्हणजे काही कोवळा विद्यार्थी नव्हे. चाळिशी ओलांडलेला, शाळेत संगीत शिकवणारा, ज्याला सारे गाव मास्तर म्हणते असा गृहस्थ. वीस वर्षांपूर्वी बुवांनी आपल्या गुरूंचा तंबोरा त्याच्या हाती सोपवला होता. त्या दिवशी कोणालाही त्याचे नवल वाटले नव्हते, इतका त्याचा गळा तयार होता.

पुढे मास्तरांना दारूची सवय लागली. आधी मैफल झाल्यावर, मग मैफलीच्या आधी, आणि शेवटी मैफल असो वा नसो. आता शाळेने शेवटची ताकीद दिली होती. बायकोने, मुलांची परीक्षा संपली की त्यांना घेऊन कायमचे माहेरी जायचे ठरवले होते. ती भांडली असती तर मास्तरांना बरे वाटले असते. पण ती शांतपणे एकेक कपडा घडी करून बाजूला ठेवू लागली होती.

"बुवा, हा ठेवून घ्या," मास्तर म्हणाले. "मी याच्या लायकीचा उरलो नाही. तीनदा उपाय केले, तीनदा सोडली, तीनदा पुन्हा धरली. माझ्यावर इलाज नाही, हे मी आता मान्य केलं आहे."

'मान्य केलं' हे शब्द माणूस किती समाधानाने उच्चारतो, पाहा. त्यानंतर काही करावे लागत नाही ना!

बुवांनी तंबोरा गवसणीतून काढला, मांडीवर घेतला आणि तारांवरून बोट फिरवले. सूर बोथट निघाला. त्यांनी तोंड वाकडे केले. "जवारी पार गेली आहे रे. असा मोडका परत घेऊ होय? वाद्यांच्या गल्लीत जा, जवारी काढून घे. मग आणून दे. मग ठेवून घेईन."

ज्यांना तंबोऱ्याची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारा ज्या छोट्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. वाजवून वाजवून तिच्यावर खाचा पडतात आणि सुराचे गुंजन हरवते. मग जाणता कारागीर कानस घेऊन घोडीचा माथा पुन्हा घासतो, आणि तार बोलू लागते. ही जवारी काढणे. कानशीचा एक हात जास्त पडला की घोडी वाया जाते, म्हणून कोणताही गवई आपला तंबोरा पहिल्या भेटलेल्या माणसाच्या हाती देत नाही.

मास्तरांना वाईट वाटले. ते आयुष्य बुडाल्याचे सांगायला आले होते, आणि बुवांनी त्यांना दुरुस्तीच्या कामाला धाडले. पण गुरूंची आज्ञा मोडण्याची सवय अजून लागलेली नव्हती. ते गेले.

गल्लीच्या तोंडाशी मोठे दुकान होते, भिंतीभर नामवंतांचे फोटो. मालकाने तंबोरा हातात घेताच कानस उचलली. "संध्याकाळी घेऊन जा मास्तर. पुन्हा दहा वर्षं बघायला नको, गॅरंटी!"

"अहो, आधी वाजवून तर बघा."

"वाजवायचं काय त्यात? सगळ्यांची जवारी सारखीच."

मास्तरांनी तंबोरा जवळजवळ हिसकावून घेतला.

पुढचे कारागीर हाताचे पक्के, पण जिभेचे तिखट. त्यांनी घोडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हा जाड दोरा कोणी सरकवला तारांखाली? एवढं वाद्य आणि ही दशा! लाज कशी वाटत नाही?" घोडी खराब झाली की तारांखाली जाड दोरा घालून चार दिवस सूर ओढूनताणून आणता येतो, मास्तर दोन वर्षे तेच करत होते. पण "मुलांनी खेळताना केलं असेल" असे ते पटकन बोलून गेले आणि तिथूनही उठले.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे चाचा ओट्यावर बसून खुंट्या घासत होते. त्यांनी आधी मास्तरांना पाणी दिले. मग तंबोरा लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ नुसते छेडत राहिले.

"गाता कुठल्या पट्टीत?"

"काळी दोन. हल्ली काळी एक."

"दोरा केव्हापासून घातलाय?"

"दोन वर्षं झाली," मास्तर म्हणाले. हे खरे आपल्या तोंडून कसे निघाले याचे त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

चाचांनी तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. तिथले पॉलिश विरघळून पांढरे डाग पडले होते. त्यांनी गवसणी नाकाशी नेली आणि पुन्हा खाली ठेवली.

"बाटली यातच ठेवता का, मास्तर?"

गुरूंच्या तंबोऱ्याला घरात दुसरे कोणी हात लावत नसे. म्हणून बाटली लपवायला त्या गवसणीइतकी सुरक्षित जागा घरात नव्हती. ती कितीदा तरी सांडली होती. मास्तरांचे डोळे भरून आले. "हो," ते म्हणाले. "रोज पितो. शाळेत जायच्या आधीसुद्धा."

चाचा रागावले नाहीत, हळहळलेही नाहीत. "पॉलिश पुन्हा चढवता येतं," ते म्हणाले. "जवारीचं सांगतो. आज थोडीच घासतो. आठ दिवस वाजवा, मग आणा. ती बसेल, उतरेल, पुन्हा बघू. एका बैठकीत होणारं काम नाही हे. भोपळ्याला बारीक चीर आहे, ती मला जमणार नाही. त्याला माझा भाचा आहे, त्याच्याकडे पाठवीन."

घासून होईपर्यंत मास्तर तंबोरा तिथे ठेवून रिकाम्या हाती बुवांकडे परतले आणि घडले ते सारे सांगून टाकले, अगदी गवसणीतल्या बाटलीसकट.

"पहिल्याला का नाही दिलास?" बुवांनी विचारले.

"त्याने ऐकलंच नाही, बुवा. न ऐकता गॅरंटी देत होता."

"आणि दुसऱ्याला? हात तर चांगला आहे त्याचा."

"हात चांगला आहे. पण त्यांच्यासमोर मी खोटं बोललो. खोटं सांगून काम कसं होणार?"

"बरं. आता तुझ्या त्या तीन उपायांचं सांग."

मास्तर अडखळत सांगू लागले. मेहुण्याने एका महाराजांकडे नेले. त्यांनी काही न विचारता दंडाला गंडा बांधला. मग जाहिरात वाचून कोणाकडून तरी दहा दिवसांत हमखास सुटण्याची पुडी आणली. मग एक डॉक्टर. ते फार रागावले, म्हणून मास्तरांनी त्यांना निम्मेच सांगितले. बोलता बोलता मास्तर थांबले.

बुवा हसले नाहीत. "अरे, भोपळ्या-लाकडासाठी तू दुपारभर गल्ली पालथी घातलीस. प्रश्न विचारलेस, दोन दुकानांतून उठून आलास. स्वतःला मात्र ज्याने हात धरून नेलं त्याच्या स्वाधीन केलंस. त्या दोन दुकानांतून बाहेर पडताना, तंबोराच वाईट आहे असं वाटलं का तुला?"

"नाही, बुवा."

"मग तीन ठिकाणी गुण आला नाही, तर तुझ्यावर इलाज नाही हे कोणी ठरवलं? मी गाणं शिकवतो. दारू सोडवण्याची विद्या माझ्याजवळ नाही, चाचांजवळही नाही. पण ती शिकलेली माणसं आहेत. त्यांच्यातला असा शोध, जो आधी ऐकेल, ज्याच्यासमोर तुला गवसणी उघडता येईल. नाही पटला तर ऊठ आणि पुढच्या दारात जा. वाद्य टाकून मात्र येऊ नकोस."

मास्तर पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेले. तिथे मंगळवारी व्यसनमुक्तीच्या समुपदेशक बाई बसत. या वेळी मास्तरांनीच आधी विचारले, "बाई, तुम्ही याचं शिक्षण घेतलंय का? माझ्यासारखी माणसं पाहिलीत का?" बाईंनी दोन्हींची नीट उत्तरे दिली आणि मग तासभर ऐकत राहिल्या. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकते, तेव्हा आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहा, म्हणून त्यांनी शेजारच्या विभागात चिठ्ठी लिहून दिली. निघताना मास्तरांनी मनातला शेवटचा प्रश्न विचारला.

"आणि पुन्हा प्यायलो तर?"

"तर पुढच्या मंगळवारी या, आणि तेही सांगा."

मास्तर काही दिवस त्या विभागात राहून आले. मुलांची परीक्षा संपली. घडी केलेले कपडे काही दिवस तसेच बाजूला राहिले, मग एकेक करून कपाटात परत गेले. मधल्या काळात मास्तर एकदा घसरले. त्या मंगळवारी ते पहिल्या गाडीने गेले.

श्रावण सरता सरता बुवांनी आपल्या दारावरून खांद्यावर तंबोरा घेऊन चाललेल्या शिष्याला हाक मारली. "काय रे, परत द्यायला आलास की काय?"

"नाही, बुवा. जवारी पुन्हा थोडी उतरली आहे. चाचांकडे निघालोय."

बुवांनी गवसणीवरून हात फिरवला आणि शिष्याकडे पाहिले.

"उघडून बघा," मास्तर म्हणाले. "नुसता तंबोराच आहे."

बुवांनी गवसणीची गाठ सोडली नाही. "जा," ते म्हणाले. "उशीर होईल तुला."